महालातलं वेब्ली आणि दोन वह्या

२०१९ च्या डिसेंबरात शस्त्र कायदा बदलला. एका परवान्यावर आधी तीन हत्यारं चालत, ती दोनवर आली. तिसरं वर्षभरात ठाण्यात नाहीतर परवानाधारक डीलरकडे जमा करा, असा हुकूम. दिल्लीत एक आकडा बदलला आणि इकडे नागपुरात, महाल भागातल्या एका वाड्यात, दोघा भावांत धुसफूस सुरू झाली.

त्यांच्याकडे बरोबर तीन होती. एक बारा बोअर बंदूक, काटोलकडच्या शेतात रानडुकरं उतरतात म्हणून. एक कानपूर फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर, धाकट्यांनी वकिली जोरात चालायला लागल्यावर हौसेनं घेतलेलं. आणि तिसरं हे जुन्या रिव्हॉल्व्हरचं धूड. किलोभर वजन, सहा इंची नळी, मुठीच्या तळाला दोरीसाठी कडी. ते खापरपणजोबांपासून घरात आहे एवढंच सगळ्यांना माहीत होतं. धाकटे म्हणत, हेच जमा करून टाकू, चालत तर नाही. थोरले म्हणत, वाडा विकीन पण हे देणार नाही.

मी ईएमईचा, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्ती खात्याचा आर्मोरर, हत्यारं तपासणारा-दुरुस्त करणारा. सिकंदराबादला शिकलो, पुढची सगळी नोकरी कोत, म्हणजे पलटणीची हत्यारखोली, आणि वर्कशॉपमध्ये गेली. आता पेन्शनीत, नागपुरातच इंदोऱ्यात राहतो. लोकांच्या परवान्यावरची हत्यारं कुणी पाहायला बोलावलं तर जातो. दुरुस्ती करत नाही, त्याला वेगळा परवाना लागतो. फक्त पाहतो आणि सांगतो. वकीलसाहेबांनी फोन केला तेव्हा काम साधं होतं: हे अँटिक म्हणून परवान्यातून सुटू शकतं का, ते सांगा.

ते नाही सुटत, हे मी तिथेच सांगितलं. कायद्याच्या कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती जुन्या घडणीच्या किंवा मोडक्या अशा हत्याराला, जे दुरुस्त करूनही चालणार नाही. याचा घोडा पूर्ण मागे येत होता, सिलिंडर कुलूप धरत होतं. चालत नाही म्हणजे याची गोळी बाजारात मिळत नाही, एवढंच. शंभर वर्षं झाली म्हणून लोखंड निरुपद्रवी होत नसतं. परवाना लागणारच.

मग थोरल्यांनी खरा विषय काढला. "हवालदारसाहेब, हे सीताबर्डीच्या लढाईतलं आहे. आमच्या पूर्वजांनी गोऱ्याच्या हातून हिसकावलेलं. तेवढं लिहून द्या नं, म्हणजे याच्यासमोर माझं तोंड उघडेल."

सीताबर्डीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरातली. कोल्टनं रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं ते त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी, आणि तेही तोंडाकडून बारूद ठासायचं. हे तर बिजागरीवर मोडणारं, मोडलं की मधला तारा वर उचलून सहाच्या सहा पुंगळ्या एकदम बाहेर फेकणारं. मी हे सांगितल्यावर थोरले गप्प झाले, पण रागावले नाहीत. आतून चहा आला. म्हणाले, मग कुणाचं आहे ते तरी शोधून काढा.

एरवी मी नाही म्हटलं असतं. आमच्या धंद्यात 'कुणाचं' या प्रश्नाला उत्तर नसतं. फौजेत रायफलला बट नंबर असतो. शिपाई कोतात येतो, रजिस्टरवर सही करतो, आपल्या नंबरची रायफल घेतो, संध्याकाळी पुसून परत करतो. तो बदलीवर गेला की तोच नंबर दुसऱ्याच्या नावे. रजिस्टरं भरतात, मुदत संपली की बोर्ड बसतो आणि ती जाळली जातात. एका रायफलीनं पंधरा-वीस जवानांचा खांदा पाहिलेला असतो, आणि एकाचंही नाव तिच्यावर नसतं. इंग्रजांच्या वेळीही हेच होतं. सरकारी मालावर रुंद बाणाचा ठसा मारत. तो बाण दिसला की समजायचं, मालक सरकार, माणूस शोधू नका.

याच्यावर बाण नव्हता. म्हणून मी थांबलो.

कसलंतरी तेल लावून लावून त्याच्यावर काळा थर बसला होता. रंगून ऑइल, म्हणजे हत्यारं पुसायचं तेल, आणि चिंदी घेऊन हळूहळू सोडवला. वायर ब्रश लावू दिला नाही. घरातला एक मुलगा सँडपेपर घेऊन उभाच होता, त्याला हाकललं. जुन्या हत्यारावर सँडपेपर फिरवणाऱ्याला माझ्या हातात असतं तर क्वार्टर गार्डला, म्हणजे पलटणीच्या कोठडीत, बसवलं असतं. ठसे असतात केसाएवढ्या खोलीचे. ते एकदा गेले की नुसता लोखंडाचा तुकडा उरतो.

ठसे निघाले. फ्रेमच्या डाव्या बाजूला पंख असलेली गोळी, म्हणजे बर्मिंगहॅमची वेब्ली कंपनी. नळीच्या वर 'डब्ल्यू जी आर्मी मॉडेल'. बाजूला .४५५/.४७६, म्हणजे दोन्ही मापांच्या सरकारी गोळ्या चालतील. सिलिंडरवर मुकुट आणि त्याखाली एकमेकांवरून गेलेले दोन राजदंड. हा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा, म्हणजे हत्याराची चाचणी घेणाऱ्या संस्थेचा ठसा, आणि तो १९०४ मध्ये बदलला. तेव्हा हत्यार १९०४ च्या आधीचं, याबद्दल वाद नाही. आणि नळीच्या वरच्या पट्टीवर, भिंगातून पाहिल्यावर, आणखी एक ओळ: 'आर्मी अँड नेव्ही सी एस एल'.

मुंबईत काळा घोड्याला गेलेल्यांनी आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग पाहिली असेल, डेव्हिड ससून लायब्ररीच्या शेजारची. ती याच दुकानाची. १८७१ मध्ये लंडनला फौजेच्या आणि आरमाराच्या अफसरांनी मिळून एक सहकारी सोसायटी काढली. पुढच्या वर्षी व्हिक्टोरिया स्ट्रीटला दुकान उघडलं. बिस्किटापासून तंबूपर्यंत सगळं. आपल्याकडच्या मिलिटरी कँटीनचा पणजोबा म्हणा. आणि हत्यारंही. कारण अफसराला तलवार, रिव्हॉल्व्हर, दुर्बीण आपल्या खिशातून घ्यावी लागे. सरकारची अट एकच असे: त्यात सरकारी काडतूस बसलं पाहिजे. म्हणूनच ते .४५५/.४७६.

स्वतःच्या पैशानं घेतलेली वस्तू म्हटली की बिल आलं, आणि बिल म्हटलं की वही आली. सोसायटीची हत्यारांची विक्रीवही आजही आहे. दुकान पुढे हाऊस ऑफ फ्रेझर नावाच्या मोठ्या कंपनीनं घेतलं आणि त्यांची जुनी दप्तरं ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात गेली. हत्याराचा नंबर कळवा, फी भरा, ते वही उघडून पाहतात. हे मला नोकरीत असताना एका साहेबांनी सांगितलं होतं. त्यांच्या आजोबांची तलवार त्यांनी असाच माग काढून ओळखली होती.

नंबर कोणता, इथे एक अडचण आली. परवान्याच्या पुस्तकात एक लिहिला होता आणि लोखंडावर दुसराच. एका आकड्याचा फरक, तीनच्या जागी आठ. पूर्वी कुणीतरी कारकुनानं काळ्या थरावरून अंदाजानं उतरवला असणार, आणि पुढे प्रत्येक नूतनीकरणात तोच आठ उतरत आला. मी लोखंडाचा नंबर पाठवला. कागद आणि लोखंड भांडले तर मी लोखंडाच्या बाजूनं. भगतसिंगांच्या पिस्तुलाचं आठवतं ना? .३२ चं कोल्ट, नंबर १६८८९६. इंदूरला बीएसएफच्या संग्रहालयात कितीतरी वर्षं इतर हत्यारांत मांडलेलं होतं, गंज लागू नये म्हणून वरून काळा रंग फासलेला. २०१६ मध्ये रंग खरवडला, नंबर खटल्याच्या कागदाशी जुळला, आणि तेव्हा कळलं की साँडर्सवर चाललेलं पिस्तूल हे. नंबर खोटं बोलत नाही, पण दिसला पाहिजे.

ग्लासगोहून उत्तर आलं ते चारच ओळींचं. विक्रीची तारीख १८९३ च्या नोव्हेंबरातली. सोबत चामडी होल्स्टर. घेणारा लेफ्टनंट, मद्रास इन्फंट्रीच्या एका पलटणीचा, आणि पूर्ण नाव. नाव मी इथे लिहीत नाही. वकीलसाहेबांनी वाड्याचं नाव लिहू नका म्हटलंय, मग त्या बिचाऱ्याचंच का लिहावं? त्याचेही कुणी वंशज असतील.

होल्स्टर वाड्यावर होतंच, माळ्यावरच्या ट्रंकेत. उंदरांनी अर्धं खाल्लेलं. झाकणाच्या आतल्या बाजूला शाईचे तीन अक्षरांचे अवशेष, त्यातली दोन वहीतल्या नावाशी जुळली. तिसरं उंदराच्या पोटात.

ते होल्स्टर पाहिल्यावर मला आणखी एक गोष्ट उमगली, जी कुठल्याच वहीत नाही. रिव्हॉल्व्हरच्या उजव्या अंगाला ब्लूइंग, म्हणजे लोखंडावरचा निळसर काळा मुलामा, जवळजवळ शाबूत होतं आणि डाव्या अंगाला बारीक बारीक खड्डे. चामडं ओल धरतं. पावसाळ्यात हत्यार होल्स्टरमध्ये ठेवून दिलं की ज्या अंगाला चामडं चिकटून असतं तिकडून गंज खातो. नळी आतून पाहिली तर चर धारदार होते, सिलिंडरच्या तोंडाशी जळल्याच्या खुणा अगदी कमी. हे हत्यार कमरेला खूप लटकलेलं आहे आणि चाललेलं फार थोडं. साहेबानं ते वागवलं, वापरलं नाही म्हणा.

थोरल्यांना हे आवडलं नाही. त्यांना आता साहेब तरी शूर हवा होता. धाकट्यांचा अंदाज, साहेब कामठीत मेला असेल आणि त्याचं सामान विकलं असेल. अंदाज वाईट नव्हता. कामठीची छावणी १८२१ ची, तिथे वर्षानुवर्षं मद्रासच्याच पलटणी असत, आणि अफसर मेला की त्याचं सामान लिलावात काढून पैसे घरी पाठवण्याची रीतच होती. कामठीच्या गोऱ्यांच्या कबरस्तानात गेलात तर कळेल, लढाईत मेलेले थोडे, तापानं आणि पटकीनं मेलेले ढीगभर. मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या अशा सगळ्या कबरींवरचे लेख क्रॉफ्टन नावाच्या आयसीएस अफसरानं एकत्र केले. १९३२ मध्ये नागपूरच्या सरकारी छापखान्यात ते पुस्तक छापलं गेलं. त्यात हे नाव नाही. साहेब इथे पुरलेला नाही.

मग जुन्या आर्मी लिस्ट, म्हणजे फौजेतल्या अफसरांच्या छापील याद्या. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं त्या स्कॅन करून फुकट ठेवल्या आहेत. माझ्या नातीनं टॅबवर काढून दिल्या, मी चष्मा लावून बसलो. एका यादीत नाव सापडलं की पुढची उघडायची, तो कुठे गेला ते पाहायचं. १८९४ मध्ये पलटणीत. मग ब्रह्मदेशात, तिथला पाऊस त्या डाव्या अंगाला दिसतोच. मग पलटण सोडून कमिसेरियट-ट्रान्सपोर्ट, म्हणजे खेचरं, बैल, त्यांचा दाणा, गाड्यांचे हिशेब. आणि १९०० च्या यादीत नावापुढे एवढंच: मध्यप्रांत, दुष्काळी काम.

मला ते वाचून हसू आलं. थोरल्यांचा सीताबर्डीचा वीर शेवटी निघाला कोण, तर सप्लायवाला. माझ्यासारखाच, मोजणारा आणि सही करणारा.

पण मग हसू राहिलं नाही. १८९६-९७ आणि त्यामागून १८९९-१९००, असे दोन दुष्काळ या प्रांतानं लागोपाठ पाहिले. माणसं पुरेनात म्हणून फौजेतले अफसर दुष्काळी कामांवर उसने घेतले गेले. काम म्हणजे खडी फोडणं, रस्ते, तलावांची माती. मजुरी पैशात मिळे, पण ठरवायची धान्याच्या भावावर, माणूस जगेल इतकी आणि त्यावर फारसं काही नाही. माझ्या आज्याची आई खडीवर होती, हे आमच्या घरात सगळ्यांनी ऐकलेलं. कुठल्या कामावर, कोण साहेब, ते सांगायला कुणी उरलं नाही. ती हजेरीच्या कागदावर असणार, टोळीतला एक आकडा म्हणून. साहेबानं रिव्हॉल्व्हर का वागवलं तेही मग कळतं. हजारो माणसांची मजुरी तांब्याच्या नाण्यांत वाटायची, ती बैलगाडीतून पेट्यांनी न्यायची, आणि आजूबाजूला सगळा मुलूख उपाशी. पेटीशेजारी बसलेल्या साहेबाच्या कमरेला ते लटकलेलं असे. एवढंच त्याचं युद्ध.

आता तो साहेब ते महाल, एवढा रस्ता राहिला. तो रस्ता ग्लासगोहून नाही, वाड्यातूनच सापडला. वाडा मालगुजारांचा, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांचा, आणि अशी घरं कागद टाकत नाहीत. माडीवर बासनात किर्दी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, बांधलेल्या होत्या, मोडीत. वकीलसाहेबांच्या ओळखीचे एक मोडी वाचणारे गृहस्थ आले, धुळीनं शिंका देत बसले. मी त्यांना वर्ष सांगून ठेवलं होतं, कारण आर्मी लिस्टमध्ये १९०१ ला साहेब लांब रजेवर, हिंदुस्थानाबाहेर. रजेवर जाणारे गोरे लोक जाण्याआधी बंगल्यातलं सामान लिलावात काढत: घोडा, टेबल, खाटा, बंदूक. शके १८२३ च्या किर्दीत मिळालं. कामठीच्या लिलावात घेतलेल्या वस्तूंची यादी: एक घोड्याचं खोगीर, दोन काचेचे दिवे, एक तमंचा चामडी म्यानासह, रुपये पंचेचाळीस. विकणारा कोण, तर दुष्काळी कामावरचे साहेब. नाव नाही. आमच्या लोकांनी त्याला टोळीतल्या आकड्यासारखं वागवलं, ही एक गंमतच.

दिवे अजून आहेत, देवघरात. खोगीर गेलं.

त्या काळी गोऱ्याला हत्याराचा परवाना लागत नसे. १८७८ च्या कायद्यानं तो आपल्यालाच लागे. त्यामुळे लिलावाच्या दुसऱ्याच पानावर परवान्याची फी आणि कचेरीत दिलेलं 'चहापाणी' वेगळं लिहिलेलं आहे. किर्द लिहिणाऱ्या मुनीमजींना माझा सलाम. काहीच लपवलं नाही.

मुठीवरच्या दोन्ही पट्ट्या मी शेवटी काढल्या, एकच स्क्रू असतो. आत मोठी कमान, म्हणजे घोड्याची स्प्रिंग, मूळची नव्हती. हातानं कानस मारून बनवलेली, जाडी टोकाकडे उतरती, इतकी सुबक की आधी मला ती कारखान्याचीच वाटावी. इथल्याच कुठल्या तरी मिस्त्रीनं केलेली असणार, मालगुजारांच्या काळात. कमानीला पाणी देणं सोपं नाही, जरा जास्त झालं की मोडते, कमी झालं की बसते. ही शंभर वर्षांनंतरही घोड्याला ताण देऊन राहिली होती. तिच्यावर खूण, अक्षर, काही नाही. मी दोनदा भिंग फिरवलं. किर्दीतही शोधायला लावलं, पण दुरुस्ती 'किरकोळ' खाती गेलेली.

शेवटी भावांचं ठरलं. बारा बोअर राहणार, रानडुकरांना कायदा कळत नाही. कानपूरचं .३२ धाकट्यांनी डीलरकडे जमा केलं. तसंही ते कपाटातून बाहेर निघत नव्हतं, आणि त्याची घडण शेवटी वेब्लीवरूनच घेतलेली आहे, असं मी त्यांना ऐकवलं. जुनं वेब्ली राहिलं. थोरल्यांनी मुठीवर चांदीचा पत्रा मढवायचा म्हटलं, त्याला मी सक्त मनाई केली. होल्स्टरही वेगळं ठेवा, हत्यार सुती कपड्यात, पावसाळ्यात महिन्यातून एकदा तेलाची चिंदी. गोळी शोधू नका. जुन्या काळ्या बारूदच्या जमान्यातली नळी आहे, आजचं काही त्यात घालून पाहिलं तर हात जाईल.

आणि परवान्यावरचा तो आठ. तो दुरुस्त करायला अर्ज दिला आहे, लोखंडाचा फोटो आणि माझा दाखला जोडून. अजून फिरतो आहे. तोवर मी वकीलसाहेबांना एकच बजावलं: निवडणुका लागल्या की हत्यारं ठाण्यात जमा होतात, गेल्या वेळच्या पावतीवर नुसतं 'जुने रिव्हॉल्व्हर नग १' लिहिलं होतं. ती तशी घेऊ नका. टेबलासमोर उभं राहून नंबर लिहून घ्या, तीनचा तीन, आणि मगच सही करा.